भुरीची जागा

"सोड तिला! पाटलीण, सोड म्हणते ना!"

मांसाची बादली जाळीवर दणादण आपटत मी ओरडत होते. आत पाटलिणीनं भुरीला पाठीवर पाडलं होतं आणि तिचं सगळं थोबाड आपल्या जबड्यात धरलं होतं. भुरी हलत नव्हती. चारही पाय वर, शेपूट पोटाशी घट्ट, कान मागे चिकटलेले, आणि घशातून निघणारा बारीक, केविलवाणा आवाज. बाकीचे तिघे बाजूला उभे राहून बघत होते. पाटलीण माझ्या बादलीला जराही बिचकली नाही. तिला हवं तेवढा वेळ तिनं भुरीला तसंच धरून ठेवलं, मग सोडलं आणि अंग झटकून दाराशी, तिच्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"टाक आता, सूनबाई," मागून दस्तगीरमामू म्हणाले. "झालं तिचं."

आमच्या शहराच्या प्राणिसंग्रहालयाला सगळे नुसतं 'बाग' म्हणायचे. बागेत तेव्हा पाच लांडगे होते. त्यांच्याकडं फारसं कुणी फिरकत नसे. लोकांना वाघ बघायचा असायचा. लांडग्यांच्या आवारापाशी आले तरी "कुत्रीच आहेत की" म्हणून पुढं जायचे. म्हणूनच तो विभाग नव्या माणसाच्या गळ्यात पडायचा. नवं माणूस म्हणजे मी.

माझे यजमान दिगंबर म्हेत्रे याच बागेत कीपर होते. ते काविळीनं गेले आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी मला घेतलं. दस्तगीरमामू मुख्य कीपर. यजमानांना त्यांनीच हाताशी धरून काम शिकवलं होतं, म्हणून मी त्यांची सूनबाई. पहिल्याच दिवशी मला लांडग्यांच्या आवारापाशी नेऊन त्यांनी एकेकाची ओळख करून दिली होती.

"ही मोठी मादी, पाटलीण. हिच्यापुढं कुणाचं चालत नाही. तो तिचा नर, दौलत. ही दोघं गेल्या वर्षीची पोरं, शंभू आणि पिंगी. आणि ती भिंतीला चिकटून बसलीय ना, ती भुरी. पाटलिणीची सख्खी बहीण, एकाच वेताच्या दोघी."

"मग ती एवढी लांब का बसलीय?"

"ती शेवटची आहे."

हा नळ आहे आणि ती टाकी आहे, असं सांगावं तसं मामूंनी ते सांगितलं.

मांस टाकलं की आधी पाटलीण आणि दौलत पुढं व्हायचे. त्यांचं होत आलं की शंभू आणि पिंगी. भुरी तोवर लांब उभी राहून ओठ चाटत राहायची आणि सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेल्यावर यायची. सावलीची जागासुद्धा तिला कुणी उठून गेलं तरच मिळायची. पिंगी तर अजून पुरती वाढलीही नव्हती, पण तिनं नुसता ओठ वर करून दात दाखवले तरी भुरी बाजूला सरकायची. मामू सांगायचे, ही दोन पोरं लहान असताना पाटलीण बाहेर पडली की भुरीच त्यांच्याजवळ बसून असायची, त्यांना अंगावर खेळवायची. ते ऐकून मला आणखीच चीड आली. पोरं सांभाळायची हिनं, आणि मोठी झाली की त्यांनीच हिला दात दाखवायचे.

ही चीड कुठून येत होती ते मला कळत होतं. मी नोकरीला लागले तेव्हा सासरीच राहत होते. घरात थोरल्या जाऊबाईंचं राज्य. यजमान होते तोवर माझी निदान एक बाजू तरी होती. ते गेले आणि मी एकदम सगळ्यांच्या खाली गेले. अंघोळीचं गरम पाणी सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर मला. पाहुणे आले की मी मागच्या दारी. मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, 'अगं ए' एवढंच. जाऊबाईंची शाळेत जाणारी मुलगीसुद्धा मला "जरा सरक" म्हणायला शिकली होती. आणि मी सरकत होते.

पगार हातात यायला लागल्यावर काही महिन्यांनी मी गिरणीच्या चाळीत एक खोली घेतली. जाऊबाईंनी आकाशपाताळ एक केलं, पण मी माझी ट्रंक उचलून निघाले. त्या खोलीतल्या पहिल्या सकाळी आतून कडी लावली, स्टोव्ह पेटवला, मोठं पातेलंभर पाणी तापवलं आणि सगळंच्या सगळं माझ्या एकटीच्या अंगावर घेतलं. कुणी दारावर थाप मारली नाही. ते सुख मी अजून विसरलेली नाही. भुरीलाही असं एक आतून कडी लावायचं दार मिळावं, असं मला रोज वाटायचं.

तोवर मी माझ्या परीनं एक सोय करून टाकली होती. आवाराच्या मागच्या भिंतीत एक छोटी झडप होती. बादली पुढं न्यायच्या आधी मी त्या झडपेतून भुरीला दोन-चार तुकडे द्यायचे. ती घाबरत यायची, तुकडा उचलून पळायची. एक दिवस डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. डॉक्टर किल्लेदार म्हणजे बागेचे पशुवैद्य. चाळिशीचे, सावकाश बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे.

"म्हेत्रेबाई, तुम्ही भुरीला मागून वेगळं घालता का?"

"उपाशी राहते ती, डॉक्टर."

"उपाशी नाही राहत. शेवटी खाते. तिची तब्येत मी बघतो ना. तुम्ही तिला आधी दिलंत की पाटलिणीला तिच्या तोंडाला वास येतो. मग ती तिला पाडते. हल्ली जास्त पाडते, हे तुम्हीही बघितलं असेल."

मी बघितलं होतं. झडपेतून देणं मी त्याच दिवशी बंद केलं. पण पाडापाडी काही कमी झाली नाही. पाऊस सरला, गवत पिवळं पडू लागलं तशी ती वाढतच गेली. डॉक्टर म्हणाले, आता यांच्या माजाचा काळ आहे, दौलतच्या आसपास दुसरी मादी पाटलिणीला चालत नाही. "एवढे दिवस गेले की निवळेल."

ते निवळायच्या आधीच दसऱ्याची सुट्टी आली. त्या दिवशी बागेत ही गर्दी. आवाराच्या कठड्याला पोरं लटकलेली. भुरी कुणीतरी फेकलेल्या पावाकडं गेली की नुसतीच दौलतच्या जवळून गेली, मी पाहिलं नाही. ओरडा ऐकून धावले तेव्हा पाटलीण तिच्या मांडीला धरून खेचत होती, आणि शंभू, पिंगी दोघंही तुटून पडली होती. मी आणि मामूंनी पाण्याचा पाइप सोडला तेव्हा ती तिघं बाजूला झाली. भुरीच्या मांडीचं कातडं लोंबत होतं. कठड्यावर एक बाई तोंडावर पदर धरून रडत होती. कुणीतरी फोटो काढला आणि दोन दिवसांनी तो वर्तमानपत्रात आला. मथळा होता, 'बागेत मुक्या लांडगीचे हाल'.

डॉक्टरांनी टाके घातले. दवाखान्याच्या मागं आजारी जनावरांसाठी एक पिंजरा होता. तिथून लांडग्यांचं आवार दिसत नव्हतं, पण आवाज यायचा. भुरीला तिथं ठेवलं. जखम आठवड्यातच सुकायला लागली आणि डॉक्टर घाई करू लागले. "जेवढ्या लवकर आत सोडू तेवढं बरं. फार दिवस गेले तर तिचा वास परका होईल."

पण अधीक्षकसाहेबांना वर्तमानपत्रानं घाबरवून सोडलं होतं. त्यांनी डॉक्टरांना आणि मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

"परत आत सोडली आणि परत फाडली तर?" साहेब म्हणाले. "कायमची वेगळीच ठेवली तर काय बिघडतं?"

"साहेब, लांडगा एकटा राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "तिची जागा शेवटची असेल, पण ती जागा आहे. पाटलीण रोज तिला पाडते त्यातलं निम्मं नुसतं दाखवायला असतं. एकदा ती आडवी पडली की भांडण संपतं, दोघींनाही ते ठाऊक असतं. आणि शेवटचा काढला म्हणजे शेवटची जागा जात नाही. उद्या तिथं दुसरं कुणीतरी येईल."

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही रोज बघता. तुमचं काय म्हणणं?"

मी इतके दिवस पाठ करून ठेवल्यासारखी बोलत सुटले. ती कशी भिंतीला चिकटून बसते, सावलीतून कशी उठवली जाते, काल जन्मलेली पिंगी तिला कशी हाकलते. डॉक्टर मध्ये म्हणाले, "बाई, ती तिची रीत आहे. पाटलीण तिला तिची जागा दाखवते, एवढंच."

"रोज उठून जागा दाखवून घेणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं, डॉक्टर," मी म्हणाले.

मी नवऱ्यामागं सासर सोडून वेगळी राहते, हे बागेत सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मग खाली टेबलाकडं. त्यांच्याजवळ बोलण्यासारखं अजून होतं, हे मला दिसत होतं. पण एका विधवेच्या तोंडून असं ऐकल्यावर तो भला माणूस पुढं काय बोलणार?

"ठीक आहे," ते म्हणाले. "ठेवा वेगळी."

मी जिंकले होते.

पहिले काही दिवस माझा आनंद माझ्यात मावत नव्हता. पिंजरा मी रोज धुऊन काढायचे, कोरडं गवत पसरायचे, चांगल्यातलं मांस निवडून आणायचे. "खा बाई," मी म्हणायचे. "आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही." भुरी मांसाकडं बघायची, मग इकडंतिकडं बघायची, फार वेळ थांबायची आणि मग कधीतरी खायची. मला वाटायचं, जुनी भीती आहे, जाईल. मलाही चाळीत पहिले कितीतरी दिवस पातेलं चढवताना मागं वळून बघायची सवय राहिलीच होती.

संध्याकाळी आवारातून लांडग्यांची हाळी यायची. एकानं सुरू केली की बाकीचे तिच्यात आवाज मिळवायचे. भुरी उठून उभी राहायची आणि मान वर करून आपलाही आवाज लावायची. सुरुवातीला तिकडून उत्तर यायचं. पुढं पुढं तिचा आवाज निघाला की तिकडचे गप्प व्हायचे. ती मग आवाराच्या बाजूच्या भिंतीलगत चालत राहायची. टोकाला जायची, वळायची, परत यायची. त्या फरशीवर तिच्या चालण्याची एक गुळगुळीत वाट पडली. अंगावरचं मांस उतरायला लागलं. समोरचं खाणं दिवसभर तसंच पडून राही. रात्रीत दोन तुकडे खाल्लेले दिसले तर दिसले.

अशातच एक दिवस मामू म्हणाले, "सूनबाई, आवाराकडं जाऊन ये जरा."

मी गेले. भिंतीला चिकटून पिंगी बसली होती. कानाजवळ ओलं लाल. मी तिथं उभी असतानाच पाटलीण तिच्यावरून चालत गेली आणि पिंगी उताणी झाली. आपल्या आईपुढं, चारही पाय वर करून. शंभू लांबून दात दाखवत होता.

"आता काय करायचं?" मामूंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. "हिलाही काढायची का?"

मग तिघांतला शेवटचा कोण, मग दोघांतला कोण, हे माझ्या डोळ्यांसमोर एकापाठोपाठ एक उभं राहिलं आणि मी तिथून निघून आले.

मार्गशीर्षात पाटलीण व्याली. गुहेतून पिल्लांची कुंईकुंई यायला लागली. ती बारीक हाक दवाखान्यापर्यंत पोचत होती. त्याच सुमाराला एके सकाळी मी पिंजऱ्याशी गेले तर भुरी कोपऱ्यात फरशी उकरत होती. गवत सगळं एका बाजूला ढकलून, पुढच्या दोन्ही पायांनी, थांबता थांबत नव्हती. फरशीवर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या. नखं फाटली होती. तिनं वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या पोटाखाली मला काहीतरी वेगळं दिसलं. मी पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टर गजांशी उकिडवे बसले.

"दूध आलंय तिला," ते म्हणाले.

"कसं शक्य आहे? तिला तर नरच…"

"गाभण न राहताही येतं. टोळीतल्या दुसऱ्या मादीला असं होतं कधीकधी. मुख्य मादी व्याली की हिलाही दूध येतं, ही पिल्लांपाशी बसते, पाजतेसुद्धा. तिला वाटतंय पिल्लं आहेत. त्यांच्यासाठी ती बीळ करतेय."

आवारातून पुन्हा ती कुंईकुंई आली आणि भुरीनं कान टवकारले. मग पुन्हा फरशीला भिडली.

"डॉक्टर, तिला परत सोडू या," मी म्हणाले. "आजच सोडू या. माझं चुकलं."

"आज सोडली तर पाटलीण तिला जिवंत ठेवणार नाही. पोटाशी पिल्लं आहेत तिच्या."

"मग कधी?"

"पिल्लं बाहेर हिंडायला लागली की बघू. जाळीच्या आडून भेटवू आधी. पण बाई, फार आशा धरू नका."

तिचं दूध आपोआप आटलं. पायांना पट्ट्या बांधाव्या लागल्या. संक्रांतीच्या आसपास पिल्लं गुहेतून बाहेर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी चाकांचा पिंजरा मागवला. भुरीला त्यात घेऊन आम्ही तिला आवाराच्या मागच्या जाळीशी नेलं. मी, मामू आणि डॉक्टर. मध्ये वीतभर अंतर आणि दोन जाळ्या.

आवार दिसताच भुरी थरथरायला लागली. मी म्हणाले, "घाबरली बघा, नको."

"घाबरली नाही," डॉक्टर म्हणाले. "बघा नीट."

मी बघितलं. भुरीनं पोट जमिनीला लावलं होतं आणि ती सरपटत जाळीकडं निघाली होती. कान मागे, शेपूट खाली. पण ती शेपूट इतक्या जोरात हलत होती की मागचं सगळं अंग तिच्याबरोबर हलत होतं. जाळीला नाक लावून ती हवा चाटत होती. तोंडातून तोच बारीक आवाज. मग ती स्वतःहून उताणी झाली. कुणी पाडलं नव्हतं तिला. चारही पाय वर करून, गळा मोकळा ठेवून ती पाटलिणीची वाट बघत राहिली.

ते मी वर्षभर बघत आले होते, आणि वर्षभर त्यात मला फक्त अपमान दिसला होता.

पाटलीण आली. तिनं जाळीशी नाक आणलं आणि श्वास ओढला. मला वाटलं, ओळखलं. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले. ती ज्या आवाजात गुरगुरली तो मी तिच्या तोंडून भुरीसाठी कधी ऐकला नव्हता. दौलत आला, शंभू आला, आणि सगळ्यांच्या पुढं उडी घेतली ती पिंगीनं. जाळीला दात लावून ती ओढत होती. सगळ्यात जास्त तीच पेटली होती. मागं गुहेच्या तोंडाशी पिल्लं दडून बसली होती, आणि जरा वेळानं पिंगीच मागं फिरून त्यांच्यापाशी जाऊन बसली. भुरी बसायची तशी.

भुरी उताणीच होती. ती उठली नाही, मागं सरली नाही. शेपूट अजून हलत होती. तिला कळतच नव्हतं की ती सगळं बरोबर करतेय आणि समोरचे का ऐकत नाहीत.

"ओढा पिंजरा," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर बसले आणि चष्मा पुसत राहिले. "मी त्या दिवशी आणखी जोर लावून नाही म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. मला ते ऐकवेना. त्यांचं 'नाही' त्यांच्या तोंडातच कुणी अडवलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मार्चमध्ये शहरातल्या एका महिला मंडळानं माझा सत्कार ठेवला. दसऱ्याचा तो फोटो आणि नंतर भुरीला वेगळं ठेवल्याची बातमी मंडळातल्या बायकांनी जपून ठेवली होती. मी साहेबांना म्हणाले, मला नको. साहेब म्हणाले, "अहो, बागेचं नाव होतंय." सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षीणबाई बोलल्या, "म्हेत्रेताईंनी एका मुक्या जीवाला रोजच्या जाचातून सोडवलं. ज्यानं सोसलेलं असतं त्यालाच दुसऱ्याचं सोसणं कळतं." टाळ्या पडल्या. मला शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकसमोर उभी राहिले. समोर सगळ्या बायका हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होत्या. "मला बोलता येत नाही," एवढं म्हणून मी खाली बसले. त्यावरही टाळ्या पडल्या. किती साधी बाई, असं कुणीतरी म्हणालं.

तिथल्या अल्पोपाहाराला मी हात लावला नाही. तशीच बागेत आले. दुपार टळत आली होती. शाल खांद्यावर होती ती काढायचंही सुचलं नाही. भुरीच्या पिंजऱ्यात मामूंनी सकाळी टाकलेलं मांस तसंच पडलं होतं. त्यावर माशा बसल्या होत्या. ती भिंतीलगतच्या वाटेवर पडून होती. बरगड्या मोजाव्यात अशा दिसत होत्या. डॉक्टर आदल्या दिवशीच म्हणाले होते, असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल, आणि त्याचाही किती उपयोग होईल सांगता येत नाही.

पिंजऱ्याबाहेरच्या अरुंद बोळात मी गजांना टेकून खाली बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पिशवीत डबा होता, तो काढला. बागेत पिंजऱ्याजवळ बसून कुणी खायचं नाही असा नियम होता आणि मी तो तोवर कधी मोडला नव्हता. भाकरी होती आणि शेंगदाण्याची चटणी. मी घास तोडला.

आत हालचाल झाली. भुरीनं मान उचलली होती. ती माझ्या हाताकडं बघत होती. मी दुसरा घास घेतला. ती उठून बसली. मला वाटलं तिला भाकरी हवीय. एक तुकडा गजांमधून आत टाकला. तिनं त्याला तोंड लावलं नाही. ती नुसती बघत राहिली. मी खात होते आणि ती ओठ चाटत होती, लांब उभी राहून, मान खाली घालून. तिची ही थांबण्याची रीत मी आवारात रोज बघितलेली होती. मला ती ओळखू यायला वेळ लागला नाही, पण माझा विश्वास बसेना.

मी शेवटचा घास खाल्ला, डबा झाकला, हात पदराला पुसले. तेव्हा भुरी पोट जमिनीला लावून सरपटत गजांपाशी आली आणि तिनं माझी बोटं चाटली. मग वळली, मांसापाशी गेली आणि खायला लागली. सकाळपासून पडलेलं, सुकलेलं मांस. सगळं खाल्लं.

मामू बोळाच्या तोंडाशी कधी येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही. ते बराच वेळ बघत होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तिनं तुला पाटलीण केलं."

मी शाल तोंडाशी धरली. माझ्या घशातून आवाज निघू नये म्हणून, कारण ती खात होती.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी मला त्या बोळात बसून जेवायची परवानगी दिली. मी रजेवर असले की मामू माझ्या जागी बसून जेवून बघायचे, पण ती मांसाला तोंड लावायची नाही. म्हणून मी रजा घेणंच सोडून दिलं. सुट्टीच्या दिवशीही डबा घेऊन यायचे. भुरीच्या अंगावर पुन्हा मांस चढलं, केस चकाकायला लागले. मी बोळाच्या दिशेनं वळले की ती पोट टेकून जमिनीवर सपाट व्हायची, शेपूट हलवत. मी तिला ऊठ म्हणायचे, ती उठायची नाही. पाटलीण म्हातारी होऊन गेली, पिंगीला पिल्लं झाली, डॉक्टरांची बदली झाली, तरी भुरी त्या पिंजऱ्यात होतीच, एकटी. पुढं बागेत येणारी माणसं मला गजांशी जेवताना बघून थांबायची, आपल्या पोरांना दाखवायची आणि म्हणायची, काय जीव लावलाय या बाईनं!

मी डबा झाकायचे, हात पुसायचे आणि आत बघून म्हणायचे, "खा."

मग ती खायची.